तुवैकच्या कातळावर कोणती सायकल? फुल सस्पेन्शन फ्रेम निवडताना

ऑक्टोबर सरतो, रियाधच्या हवेतील धग ओसरते आणि शुक्रवारी पहाटे शहराच्या पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांच्या पाठीमागे सायकली बांधलेल्या दिसू लागतात. फज्रची अजान होऊन गेलेली असते, रस्ते मोकळे असतात आणि तुवैकच्या कड्यावर ऊन चढण्यास अजून दोन तासांचा अवकाश असतो. या सायकलस्वारांत भारतीयांची संख्या लक्षणीय असते आणि त्यांत मराठी बोलणारेही आढळतात. कोणी तेलशुद्धीकरण प्रकल्पातील अभियंता, कोणी रुग्णालयातील डॉक्टर, कोणी बँकेच्या संगणक विभागातील. पुण्या-नाशकात शाळेला सायकलने जाणारी ही पिढी चाळिशीत पुन्हा सायकलकडे वळली आहे. या वेळी मात्र डांबरी रस्ता सोडून.

रस्ता सोडला की प्रश्न बदलतात. साध्या सायकलीत उंचीला साजेशी फ्रेम आणि चांगले ब्रेक पाहिले तरी भागते. पुढे आणि मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेल्या माउंटन बाइकची फ्रेम मात्र यंत्र असते. तिच्यात सांधे असतात, बेअरिंग असतात, हवेवर चालणारा शॉक असतो आणि या सर्वांची भूमिती एकमेकांवर अवलंबून असते. शॉकसह नामांकित फ्रेमची किंमत अडीच हजार अमेरिकी डॉलरच्या घरात सहज जाते. एक डॉलर म्हणजे ३.७५ रियाल हा दर १९८६ पासून स्थिर आहे. म्हणजे ही रक्कम ९,३७५ रियाल होते आणि १५ टक्के मूल्यवर्धित कर धरला की १०,७८० रियालांवर पोहोचते. घरी पाठविण्याच्या पैशांतून एवढी रक्कम बाजूला काढणाऱ्याची निवड चुकली, तर केवळ पैसा जात नाही. कंबर आणि मनगट दुखू लागते, दोन-तीन महिन्यांत उत्साह मावळतो आणि सायकल बाल्कनीत धूळ खात पडते. भ्रमणध्वनीला संपर्क नसलेल्या एखाद्या वादीत फ्रेमच तुटली, तर प्रसंग जिवावर बेतू शकतो.

आधी वाट, मग फ्रेम

सौदी अरेबिया म्हणजे वाळूचे सपाट मैदान, ही समजूत येथे राहणाऱ्याच्या मनातून वर्षभरात पुसली जाते. सायकलस्वाराच्या दृष्टीने या देशात निदान चार वेगवेगळ्या भूमी आहेत.

रियाधच्या पश्चिमेस तुवैकचा कडा सुमारे आठशे किलोमीटर पसरलेला आहे. तो चुनखडीचा आहे. माथ्यावर पसरट कातळ, उतारावर सुटे धारदार दगड आणि पायथ्याशी वादींतील खडी असे त्याचे रूप आहे. चढ लहान पण तीव्र असतात आणि दोन चढांच्या मध्ये बराच पल्ला सपाटीवर पायडल मारीत कापावा लागतो. शहरालगतची वादी हनीफा ही त्याच प्रदेशातील सुमारे १२० किलोमीटरची दरी. तिच्या पुनरुज्जीवनाच्या प्रकल्पाला २०१० मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. वादी हनीफा ते पूर्वेकडील वादी सुलै यांना जोडणाऱ्या १३५ किलोमीटरहून लांब ‘स्पोर्ट्स बुलेव्हार्ड’ प्रकल्पाची घोषणा २०१९ मध्ये झाली आणि त्याचा पहिला टप्पा २०२५ मध्ये खुला झाला. या बांधीव मार्गांवर फुल सस्पेन्शनची गरज नाही. ती भासते वादीच्या काठावरून वर चढणाऱ्या पायवाटांवर आणि ‘जगाचा कडा’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या जबल फिहरीनच्या परिसरात. तेथील वाटेवर बाभळीच्या कुळातील झाडे विपुल आहेत आणि त्यांचे काटे मराठी माणसाला नवे नाहीत.

दुसरी भूमी पूर्व प्रांताची. दम्माम, खोबर, धहरान आणि जुबैल येथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. परंतु भूभाग सपाट, खारवट आणि वालुकामय आहे. अधूनमधून ठेंगण्या टेकड्या, आणि अल-अहसाकडे गेल्यास जबल अल-काराचे खडक. येथे नियमित सायकल चालविणाऱ्याने फुल सस्पेन्शनचा खर्च करण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पुढे सस्पेन्शन आणि मागे ताठ सांगाडा असलेली हार्डटेल, रुंद टायरसह, त्याच्यासाठी अधिक शहाणपणाची ठरते.

तिसरी भूमी पश्चिमेच्या पर्वतरांगेची. जेद्दाहून हदाचा घाट चढून ताइफला गेले की उंची सुमारे १,८०० मीटर होते. दक्षिणेस अबहा सुमारे २,२०० मीटरवर आहे आणि जवळचा जबल सौदा तीन हजार मीटरच्या आसपास पोहोचतो. येथे जुनिपरची झाडे आहेत, पाऊस पडतो, धुके उतरते आणि वाटेवर माकडांच्या टोळ्या भेटतात. महाबळेश्वरची आठवण व्हावी अशी ही हवा. उतार मात्र लांबलचक आणि खडकाळ असतात. चौथी भूमी अल-उला परिसरातील वालुकाश्माची. खडकावर टायरची पकड उत्तम बसते, पण दोन खडकांच्या मध्ये सैल वाळू असते.

फ्रेम निवडताना पहिला प्रश्न म्हणूनच असा असावा: वर्षातील दहापैकी आठ फेऱ्या कोठे होणार आहेत? सुट्टीत एकदा अबहाला जाण्यासाठी घेतलेली अवजड फ्रेम रियाधच्या सपाटीवर वर्षभर ओढावी लागते.

ट्रॅव्हल किती असावा

खड्ड्यातून जाताना चाक जास्तीत जास्त जेवढे वर सरकू शकते, त्या अंतरास ट्रॅव्हल म्हणतात. क्रॉस-कंट्री प्रकारात तो साधारण १०० ते १२० मिलिमीटर, ट्रेल प्रकारात १२० ते १५०, एन्ड्युरो प्रकारात १५० ते १७० किंवा त्याहून अधिक आणि निव्वळ उतारासाठीच्या डाउनहिल सायकलीत २०० मिलिमीटरच्या आसपास असतो.

अधिक ट्रॅव्हल म्हणजे अधिक चांगली सायकल, हा नवख्यांचा नेहमीचा गैरसमज. ट्रॅव्हल वाढला की सांगाडा जाड होतो, वजन वाढते आणि चढावर पायडलला दिलेली शक्ती शॉक दाबण्यात वाया जाण्याची शक्यता वाढते. तुवैकच्या वाटांवर १२० ते १४० मिलिमीटर पुरेसे आहेत. अबहा किंवा ताइफला राहणाऱ्याने १४० ते १५० पर्यंत जावे. मागचा ट्रॅव्हल १३० असेल तर पुढे १४० चा फोर्क ही आज सर्वत्र रूढ झालेली जोडी आहे. फ्रेमच्या माहितीपत्रकात पुढील फोर्कची कमाल मर्यादा दिलेली असते. ती ओलांडल्यास हमी रद्द होते आणि डोक्याकडील नळीवर नको तो ताण येतो.

ट्रॅव्हलबरोबरच फ्रेम कोणत्या वापरासाठी तपासली आहे, हेही पाहावे. अमेरिकी एएसटीएम वर्गवारीत तिसरा वर्ग खडबडीत पायवाटांसाठी आहे आणि त्यात ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उड्या गृहीत धरल्या आहेत. चौथ्या वर्गात ही मर्यादा १२२ सेंटिमीटर आहे. सायकलींच्या सुरक्षिततेसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ४२१० या नावाने ओळखले जाते. या दोहोंचा उल्लेखच नसलेली, ओळख न पटणारी स्वस्त कार्बन फ्रेम समाजमाध्यमावरील जाहिरात पाहून मागविणे धोक्याचे आहे. नामांकित फ्रेमच्या हुबेहूब नकला बाजारात फिरत असतात आणि त्यातील कार्बनचे थर कसे रचले आहेत, हे बाहेरून पाहून कोणालाही सांगता येत नाही.

मागचे चाक कसे हलते

माउंटन बायकिंगचा उगम १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात झाला. तेथील तरुण जुन्या जाडजूड सायकली डोंगरावरून खाली पिटाळीत. मागील सस्पेन्शन १९९० च्या दशकात रुजले. तेव्हापासून आजवर झालेल्या रचनांचा कस एकाच प्रश्नावर लागतो: चाक खड्ड्याला प्रतिसाद देईल, पण पायडलच्या दाबाने डुलणार नाही, हे कसे साधायचे?

सर्वांत साधी रचना एका सांध्याची. मागचे चाक एका दांड्यावर असते आणि तो दांडा मुख्य सांध्याभोवती फिरतो. बेअरिंग कमी, देखभाल सोपी. तिचीच पुढची पायरी म्हणजे एक सांधा ठेवून शॉक दाबण्यासाठी वेगळी कडी जोडणे. चाकाचा मार्ग तोच राहतो, पण शॉकवरील दाबाचा क्रम उत्पादकाला हवा तसा घडविता येतो.

दुसरी, हॉर्स्ट लिंक. हॉर्स्ट लाइटनर या अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रचनेत मागच्या आसाच्या किंचित पुढे, खालच्या दांड्यावर एक सांधा असतो. ब्रेक दाबल्यावरही सस्पेन्शन मोकळे राहते, हा तिचा गुण. अमेरिकेतील पेटंटची मुदत संपल्यावर अनेक उत्पादकांनी ती स्वीकारली. सांधा थेट मागच्या आसाभोवतीच बसविण्याची रचनाही याच हेतूने केलेली आहे.

तिसरी, दोन आखूड कड्यांची रचना. व्हीपीपी आणि डीडब्ल्यू-लिंक ही तिची प्रसिद्ध नावे. मागचा त्रिकोण अखंड असतो आणि दोन लहान कड्यांनी पुढच्या त्रिकोणाला जोडलेला असतो. चढावर ती स्थिर वाटते. मात्र खालची कडी बहुधा पायडलच्या आसाजवळ, म्हणजे टायरने उडविलेली धूळ नेमकी जमते त्या जागी असते.

चौथी, लवचीक दांड्यांची. मागचा सांधा काढून टाकून दांड्यांच्याच लवचिकतेवर काम भागविले जाते. वजन घटते, बेअरिंगची एक जोडी वाचते. कमी ट्रॅव्हलच्या फ्रेममध्ये ती आढळते.

यांपैकी कोणतीही रचना आज सर्वश्रेष्ठ म्हणता येत नाही. नावापेक्षा दोन आकडे अधिक बोलके असतात. पहिला, लिव्हरेज रेशो, म्हणजे चाकाचा ट्रॅव्हल भागिले शॉकचा स्ट्रोक. चाक १३० मिलिमीटर सरकते आणि शॉक ५० मिलिमीटर दबतो, तर हे प्रमाण २.६ झाले. प्रमाण जितके जास्त, तितका शॉकमध्ये हवेचा दाब अधिक भरावा लागतो. नव्वद किलोंहून अधिक वजनाच्या स्वाराने जास्त प्रमाणाची फ्रेम घेतली, तर शॉकच्या कमाल दाबाची मर्यादा जवळ येते. त्याने २.५ च्या आसपासची किंवा त्याहून कमी प्रमाणाची फ्रेम शोधावी. दबत जाताना हे प्रमाण उतरत गेले, तर मोठ्या धक्क्याला शॉक तळाशी आपटत नाही. हवेच्या शॉकला ही उतरती चाल मानवते.

दुसरा आकडा अँटी-स्क्वॉटचा. पायडल मारताना शरीराचा भार मागे सरकतो आणि मागचे सस्पेन्शन बसू पाहते. साखळीच्या ताणाने त्याला होणारा विरोध म्हणजे अँटी-स्क्वॉट. स्वार बसलेल्या स्थितीत तो शंभर टक्क्यांच्या आसपास असेल, तर सायकल डुलत नाही. तो फार वाढविला, तर खडकावरून जाताना साखळी ओढली जाऊन पायडलला उलटा झटका बसतो. सपाटीवर दीर्घकाळ पायडल मारावे लागते त्या रियाधकरांना हा गुण विशेष उपयोगाचा.

भूमिती आणि आपले शरीर

फ्रेमचा लहान, मध्यम, मोठा हा क्रम उत्पादकागणिक बदलतो. खरे माप रीच. पायडलच्या आसापासून उभी रेषा काढली, तर डोक्याकडील नळीचा वरचा टोक-बिंदू तिच्यापासून आडव्या दिशेने जेवढा पुढे, तेवढा रीच. तोच बिंदू आसापासून जेवढा उंच, तेवढा स्टॅक. साधारण १६५ ते १७२ सेंटिमीटर उंचीच्या स्वाराला आधुनिक ट्रेल फ्रेममध्ये ४३० ते ४५५ मिलिमीटरचा रीच बहुधा जुळतो. दिवसाचे दहा तास संगणकापुढे बसणाऱ्याने, कंबर वा मान दुखत असेल तर, रीच कमी करण्याच्या आधी स्टॅक अधिक असलेली फ्रेम पाहावी. वाकणे कमी होते आणि तोल राहतो.

डोक्याकडील नळीचा कोन ट्रेल फ्रेममध्ये साधारण ६४.५ ते ६७ अंश असतो. कोन कमी म्हणजे पुढचे चाक अधिक पुढे. तीव्र उतारावर धीर येतो, पण मंद गतीत आणि सैल वाळूत पुढचे चाक एका बाजूला कलंडू पाहते. वादीतील वाळू आणि कड्यावरील चढ असा मिश्र प्रवास असेल, तर ६५.५ ते ६६.५ हा मध्यम मार्ग बरा. बसण्याच्या नळीचा प्रत्यक्ष परिणामकारक कोन ७५ ते ७८ अंश असला, की तीव्र चढावर शरीर पायडलच्या वर राहते आणि पुढचे चाक उचलले जात नाही.

पायडलचा आस जमिनीपासून किती उंच, हेही पाहावे. तो फार खाली असेल, तर तुवैकच्या पायऱ्यांसारख्या कातळावर पायडल आपटत राहतात. क्रँक १७५ ऐवजी १६५ किंवा १७० मिलिमीटरचे घेतल्यास हा त्रास पुष्कळ कमी होतो.

स्त्री-स्वारांसाठी आणि कमी उंचीच्या पुरुषांसाठी दोन बाबी निर्णायक आहेत. पाय टेकता यावा इतकी वरची नळी खाली असणे आणि सीट खाली-वर करणारा ड्रॉपर पोस्ट पूर्ण आत जाईल इतकी बसण्याची नळी सरळ असणे. पुढे २९ आणि मागे २७.५ इंचांचे चाक ही जोडी त्यांना उताराच्या वेळी टायर पाठीला लागण्यापासून वाचविते. सौदी अरेबियात स्त्रीने सायकल चालविणे हा एके काळी चित्रपटाचा विषय होता. हैफा अल-मन्सूर यांचा ‘वाज्दा’ २०१२ मध्ये प्रदर्शित झाला. हिरव्या सायकलसाठी झटणाऱ्या मुलीची ती कथा. पुढच्याच वर्षी पुरुष नातेवाइकासमवेत, करमणुकीच्या ठिकाणी सायकल चालविण्याची मुभा स्त्रियांना मिळाल्याच्या बातम्या आल्या. आज रियाधच्या मार्गांवर सौदी तरुणी आणि परदेशी स्त्रिया सहज सायकल चालविताना दिसतात. त्यांच्या मापाची फ्रेम दुकानात आहे का, हा प्रश्न मात्र अजून विचारावा लागतो.

ॲल्युमिनियम की कार्बन

शॉकसह ॲल्युमिनियमच्या ट्रेल फ्रेमचे वजन साधारण ३.२ ते ३.८ किलो भरते, तर कार्बनच्या फ्रेमचे अडीच ते तीन किलो. अर्धा-पाऊण किलोचा हा फरक किमतीत मात्र बराच मोठा असतो. पोटावरचे तेवढे वजन उतरविणे स्वस्त पडते, असे अनुभवी स्वार गमतीने म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे.

येथील भूमीचा विचार केला तर निर्णय अधिक स्पष्ट होतो. चुनखडीचा धारदार तुकडा टायरने उडून खालच्या नळीवर आपटणे, ही रोजची गोष्ट. ॲल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनला आतून तडा गेला, तर वरचा रंग शाबूत राहू शकतो. कार्बनच घ्यायचे असेल, तर खालच्या नळीवर रबरी कवच असलेली फ्रेम घ्यावी आणि उरलेल्या भागावर संरक्षक फिल्म लावावी. दुरुस्तीच्या बाबतीत उलटे आहे. कार्बनची फ्रेम जाणकाराकडून दुरुस्त होऊ शकते. ६०६१ सारख्या उष्णता-संस्कारित ॲल्युमिनियमला मात्र सनाइयातील वर्कशॉपमध्ये साधे वेल्डिंग केल्यास जोडाभोवतीची ताकद घटते. मोटारीचा चेसिस उत्तम जोडणारा कारागीर सायकलच्या फ्रेमला हात लावतो, तेव्हा ती पुढच्या मोठ्या धक्क्यापर्यंतच टिकते. तडा गेलेली ॲल्युमिनियमची फ्रेम निवृत्त करावी, हेच योग्य.

धूळ आणि ऊन

युरोपात फ्रेमचे परीक्षण चिखलावर होते. येथे परीक्षा घेते ती पिठासारखी बारीक धूळ. ती शॉकच्या सीलखाली शिरते आणि सांध्यांतील ग्रीसमध्ये मिसळून घासणीचे काम करते. त्यामुळे फ्रेम घेण्यापूर्वी तिच्यात कोणत्या मापाची बेअरिंग आहेत, हे विचारावे. ६९०२ किंवा ६८०२ अशा प्रमाणित मापांची बेअरिंग औद्योगिक पुरवठादाराकडेही मिळतात. खास घडविलेली असतील, तर परदेशातून येईपर्यंत हंगाम संपतो. फिरून आल्यावर सांध्यांवर जोराचा पाण्याचा फवारा मारू नये. मऊ ब्रशने धूळ झाडून ओल्या फडक्याने पुसणे अधिक हिताचे.

शॉकच्या हवेच्या भागाची देखभाल पन्नास तासांनी आणि संपूर्ण उघडून देखभाल दोनशे तासांनी, असे एक प्रमुख उत्पादक सांगतो. धुळीच्या प्रदेशात पहिला आकडा गांभीर्याने घ्यावा. आठवड्याला चार तास म्हटले, तरी तीन महिन्यांत पन्नास तास भरतात. ही देखभाल आपल्या शहरात कोण करतो, हे फ्रेम घेण्यापूर्वीच ठाऊक असावे.

उन्हाचे गणितही समजून घेण्यासारखे आहे. वातानुकूलित घरात २० अंशांवर शॉकमध्ये १८० पीएसआय दाब भरला आणि सायकल ४५ अंशांच्या हवेत नेली, तर तो दाब सुमारे १९६ पीएसआय होतो. स्वाराला वाटते, सायकल आज कठीण झाली. दोष फ्रेमचा नसतो, वायूच्या नियमाचा असतो. म्हणून दाब वाटेवर पोहोचल्यावर, सावलीत थोडा वेळ ठेवून तपासावा. स्वार बसल्यावर शॉक स्ट्रोकच्या २५ ते ३० टक्के दबला पाहिजे. ५५ मिलिमीटरच्या स्ट्रोकला ३० टक्के म्हणजे १६.५ मिलिमीटर. जेद्दाहून अबहाला सायकल नेल्यास टायरमधील दाबही पुन्हा पाहावा. बाहेरील हवा विरळ झाल्याने तेवढ्याच तापमानाला तो तीन-साडेतीन पीएसआय वाढलेला दिसतो. बंद मोटारीत भर दुपारी सायकल ठेवणे टाळावे. ट्यूबलेस टायरमधील सीलंट उष्णतेने लवकर सुकते आणि बाभळीचा काटा नेमका त्याच दिवशी भेटतो.

पाण्याचा विचार फ्रेमच्या निवडीत केला जात नाही, ही येथील मोठी चूक. पुढच्या त्रिकोणात मोठी बाटली बसत नसेल, तर सारे पाणी पाठीवर येते आणि कंबर दुखू लागते. दोन बाटल्यांची, निदान एका मोठ्या बाटलीची जागा असलेली फ्रेम निवडावी.

सुटे भाग मिळतील ना?

डोळ्यांत भरणाऱ्या रंगापेक्षा पुढील चार गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. पायडलचा आस पेचाने बसणारा, बीएसए मापाचा असावा. दाबून बसविलेले आस धुळीत लवकर कुरकुरू लागतात. पेच फिरविताना लक्षात ठेवावे, की साखळीच्या बाजूचा पेच उलट्या आट्यांचा असतो. मागील डिरेलर अडकविण्याचा हँगर यूडीएच प्रकारचा असावा. २०१९ मध्ये आलेले हे सामायिक माप आज बहुतेक उत्पादक वापरतात. खडकावर आपटून हँगर वाकला, तर तो जगात कोठेही मिळतो. जुन्या फ्रेमना प्रत्येकी वेगळा हँगर लागे. मागील आस १४८ मिलिमीटरचा बूस्ट असेल, तर चाके सहज मिळतात. शॉकचे माप प्रचलित मेट्रिक असावे, उदाहरणार्थ २१० बाय ५५. केबल हेडसेटमधून आत जाणाऱ्या फ्रेम दिसायला नीटनेटक्या असतात, पण एक बेअरिंग बदलण्यासाठी ब्रेकची नळीही सोडावी लागते.

नुसती फ्रेम घेऊन सायकल जुळविणे किफायतशीर पडते, हाही समज तपासून पाहावा. चाके, ब्रेक, फोर्क आधीपासून असतील आणि ती नव्या फ्रेमच्या मापांत बसत असतील, तरच बचत होते. सर्व काही नव्याने घ्यायचे असेल, तर संपूर्ण सायकल जवळजवळ नेहमीच स्वस्त पडते. परदेशातून मागविताना कर केवळ फ्रेमच्या किमतीवर नसतो. वाहतूक आणि सीमाशुल्क मिळवून होणाऱ्या रकमेवर १५ टक्के मूल्यवर्धित कर लागतो.

हमी आणि फायनल एग्झिट

परदेशस्थ माणसाच्या खरेदीत एक प्रश्न कायम दडलेला असतो: नोकरी संपली तर? इकामा नोकरीशी बांधलेला आणि नोकरी प्रकल्पाशी. फायनल एग्झिटचा शिक्का बसला की घरातील सामान महिनाभरात विकावे लागते. त्यामुळे सौदी अरेबियात जुन्या फ्रेमचा बाजार भरलेला असतो आणि त्यात चांगल्या वस्तू खरोखर स्वस्तात मिळतात.

तेथे घेताना घाई करू नये. बहुतेक उत्पादकांची आजीवन हमी पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. बिल मागावे, फ्रेमवरील क्रमांक पाहावा. डोक्याकडील नळीचा जोड, शॉक अडकविण्याची जागा, बसण्याच्या नळीचा वाकलेला भाग आणि मागच्या दांड्यांचे सांधे उजेडात, स्वच्छ पुसून तपासावेत. केसासारखी रेघ दिसली आणि ती रंगाची आहे असे विक्रेता म्हणाला, तरी व्यवहार थांबवावा. मागचे चाक धरून आडवे हलवावे. खटखट जाणवली, तर बेअरिंगचा खर्च किमतीतून वजा करावा. शॉकच्या चकचकीत दांड्यावर नख अडकेल असा ओरखडा असेल, तर शॉक नवा घ्यावा लागेल असे धरूनच बोलणी करावी.

नवी घेताना याच प्रश्नाची दुसरी बाजू पाहावी. अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या फ्रेमची हमी भारतात मान्य होईल का, हे लेखी विचारावे. पेटीत बांधलेली सायकल अनेकदा विमानाच्या २३ किलोंच्या सामानात बसू शकते. तुवैकसाठी शहाणपणाने निवडलेली १३० मिलिमीटरची फ्रेम सह्याद्रीतही निरुपयोगी ठरत नाही. बेसॉल्टचे कातळ, मुरमाड उतार आणि घाटातील जुन्या पायवाटा तिच्या आवाक्यातील आहेत. पावसाळ्यातील चिखलासाठी टायरभोवती थोडी अधिक जागा असली म्हणजे झाले. २.५ इंचांचा टायर मोकळा फिरेल अशी फ्रेम घेतल्यास वाळू आणि चिखल दोन्हींची सोय होते.

निर्णय करण्यापूर्वी एक काम अवश्य करावे. ज्या वाटेवर जायचे आहे, त्याच वाटेवर कोणाची तरी तशी सायकल मागून एक सकाळ चालवावी. शुक्रवारी पहाटे जमणारे स्वार या बाबतीत उदार असतात. दुकानाच्या वाहनतळावर मारलेल्या दोन फेऱ्यांतून फ्रेमचा स्वभाव कळत नाही. तो कळतो तिसऱ्या चढावर, पाय थकल्यानंतर, आणि उतरताना हात आवळले जातात की सैल राहतात, त्यावरून.

फ्रेम कोणतीही असो, वादीत एकट्याने जाऊ नये. परतण्याची वेळ घरी सांगून निघावे, पाणी गरजेपेक्षा दुप्पट घ्यावे आणि रेड क्रेसेंटच्या रुग्णवाहिकेचा ९९७ हा क्रमांक भ्रमणध्वनीत साठवून ठेवावा.